चहाच्या वाटेनं डबल सीट : चेंगदू ते लीज्यांग

चीनमध्ये मोटारसायकलवर फिरायचं ठरवलं की पहिली अडचण परवान्याची. आपल्याकडे काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथं चालत नाही, चिनी परवानाच लागतो. माझा कॉलेजचा मित्र बरीच वर्षं चेंगदूत, म्हणजे सिच्वान प्रांताच्या राजधानीत, नोकरी करतो. त्यानं तिथली परीक्षा देऊन (शंभरपैकी नव्वद गुण मिळाले तरच पास) मोटारसायकलचा परवाना काढलाय आणि ४५० सीसीची सीएफमोटोही घेतलीय. त्यामुळे गाडी तो चालवणार आणि मी मागे बसणार, हे सरळच होतं. मला तर हे फार मानवलं. घाटात चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर खिळलेली असते, मागच्याला अख्खा डोंगर बघायला मिळतो.

पर्यटक व्हिसा काढला आणि २०२५च्या सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही निघालो. वाट मित्रानं आधीच ठरवली होती. सिच्वानच्या ओल्या मळ्यांतून ज्या रस्त्यानं चहा तिबेटी पठारावर चढत असे, त्याच रस्त्यानं जायचं आणि शेजारच्या युन्नान प्रांतात उतरायचं. ल्हासाकडे जायचं नाही हेही पक्कं होतं. तिबेट स्वायत्त प्रदेशात परदेशी माणसाला परमिट आणि गाइड लागतो, मनाला येईल तिथं गाडी वळवता येत नाही. पण तिबेटी संस्कृती त्या सीमेच्या कितीतरी अलीकडे, सिच्वानच्या पश्चिम भागातच सुरू होते.

चेंगदू ते याआन

राष्ट्रीय महामार्ग ३१८ शांघायमधून निघतो आणि पाच हजार चारशेहून जास्त किलोमीटर धावून नेपाळच्या सीमेला भिडतो. चेंगदूतून आम्ही त्याला लागलो. शेजारून द्रुतगती मार्ग जातो, पण आम्ही मुद्दाम जुना रस्ता धरला. गावं, बाजार आणि माणसं याच रस्त्यावर भेटतात.

मिंगशान जवळ आलं तशी दोन्ही बाजूंना चहाची झुडपं सुरू झाली आणि पाऊसही लागला. याआन परिसर पावसासाठी चीनभर प्रसिद्ध आहे. इथला मंगदिंग डोंगर म्हणजे चीनमधल्या सर्वांत जुन्या चहा-लागवडींपैकी एक. याच मिंगशानमध्ये सोंग राजवटीनं १०७४ साली एक खास कचेरी उघडली होती. तिचं काम एकच, चहा द्यायचा आणि तिबेटी घोडे घ्यायचे. सैन्याला घोडे हवे होते. पठारावर भाजीपाला जवळजवळ नाही, खाणं मांस आणि दुधदुभत्याचं, म्हणून तिकडच्यांना चहा हवा होता. हा व्यवहार शेकडो वर्षं चालला.

याआनमध्ये एका छोट्या कारखान्यात शिरलो. जून पानं, देठांसकट वाफवून, आंबवून, दाबून विटा करतात आणि बांबूच्या लांब करंड्यांत भरतात. वास ओल्या लाकडाचा आणि गुळाचा. तिथल्या म्हाताऱ्या कामगारानं आम्हाला बसवून घेतलं आणि आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. ते चहाचे हमाल होते. पाठीवर साठ-सत्तर किलो, कधी त्याहून जास्त, आणि इथून कांगदिंगपर्यंत दोन-तीन आठवडे चालत. ओझं खाली टेकवलं तर पुन्हा उचलता येत नाही, म्हणून हातात टी आकाराची काठी. थांबायचं तेव्हा ती काठी पाठीमागे ओझ्याखाली लावून उभ्यानंच श्वास घ्यायचा. कपाळावरचा घाम निपटायला बांबूची एक पट्टी. काठ्यांच्या लोखंडी टोकांनी दगडांत पडलेले खड्डे जुन्या पायवाटेवर अजून दिसतात, असं तो म्हणाला. बायका आणि पोरंही ही ओझी वाहत. तो हे सांगत असताना मित्र भाषांतर करता करता दोनदा थांबला.

रात्री ताता नूडल्स खाल्ले. कणकेच्या पट्ट्या हातानं ताणत ओट्यावर थाडथाड आपटतात आणि तशाच उकळत्या पाण्यात सोडतात. वर लाल तेल आणि सिच्वानची मिरी. ही मिरी आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच कुळातले सख्खे नातलग आहेत. बांगड्याच्या आमटीत तिरफळ चावलं गेल्यावर जिभेला येतो तोच बधिरपणा इथं दहापट असतो. याआनच्याच हद्दीतल्या हानयुआनची मिरी पूर्वी बादशहाकडे नजराणा म्हणून जात असे. तिथून घेतलेली एक पुडी घरी आणली आणि तिसऱ्याच दिवशी सुरमईच्या कालवणात घातली. छान जमतं.

जाण्याआधीच करायची कामं सांगून टाकतो. अलीपे भारतातच डाउनलोड करून आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडा. दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. डोंगरातल्या भाजीवालीकडेही क्यूआर कोड असतो, तरी थोडी रोकड ठेवा. नकाशासाठी गाओद वापरा, गुगल तिथं बंद आहे. भारतातून रोमिंगचं ईसिम नेलंत तर व्हॉट्सॲप चालतं.

अर्लांग डोंगर, लुदिंग, कांगदिंग

सकाळी धुक्यात निघालो. अर्लांग डोंगराचा पूर्व उतार म्हणजे ठिबकणारं जंगल, शेवाळ, रस्त्यावर पाण्याचे ओघळ. रेनकोटच्या आतही ओल पोचली होती. मग चार किलोमीटरहून लांब जुना बोगदा लागला आणि पलीकडे बाहेर पडलो तर लख्ख ऊन, निळं आकाश, समोर रखरखीत तपकिरी डोंगर. सगळे ढग पूर्वेकडे अडतात, पलीकडे दादू नदीचं कोरडं खोरं. बोगद्याच्या तोंडाशी थांबून आम्ही कपडे वाळत घातले. आधीच थांबलेले दोन चिनी मोटारसायकलवालेही तेच करत होते. त्यांनी उकडलेली अंडी दिली, आम्ही चिक्की दिली.

खोऱ्यात उतरताच रस्त्याकडेला बायका निवडुंगाची बोंडं विकताना दिसल्या. काटे काढून, सोलून, काडी खुपसून देतात. थंडगार, गोड, बियाच बिया. निवडुंग इथं उतारांवर रानोमाळ माजलाय.

लुदिंगचा साखळीपूल मी तास-दीड तास बघत बसलो. कांगशी बादशहाच्या काळात १७०५ मध्ये काम सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पूर्ण झालं. लांबी शंभर मीटरच्या वर, तेरा लोखंडी साखळ्या, नऊ पायाखाली आणि चार हाताला धरायला. वर लाकडी फळ्या, त्यांच्या फटींतून खाली गढूळ दादू गर्जत असते. माणसं चढली की पूल लाटेसारखा हलतो. चीनमध्ये तो प्रसिद्ध आहे ते २९ मे १९३५ला चिनी कम्युनिस्टांच्या लाल सेनेनं तो काबीज केला म्हणून. त्याचे फलक सगळीकडे आहेत. माझ्या डोक्यात मात्र याआनचे हमाल होते. हा पूल झाला नसता तर त्यांना पाठीवरच्या ओझ्यासकट नावेतून किंवा दोरावरून ही नदी ओलांडावी लागली असती.

पुलाच्या टोकाशी एक निवृत्त शिक्षक भेटले. भारतात कुठले, असं त्यांनी विचारलं. मित्रानं महाराष्ट्र म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि डॉक्टर कोटणीसांचं चिनी नाव घेतलं. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून इथं आले आणि १९४२ मध्ये इथंच गेले, हे सगळं त्यांना मुखोद्गत होतं. शाळेत शिकवायचो, म्हणाले. मग आमचा फोटो काढून घेतला आणि मुलीला पाठवला. परक्या देशात आपल्या गावाकडच्या माणसाचं नाव असं आदरानं कुणी घेतलं की ऊर भरून येतो.

५ सप्टेंबर २०२२ला लुदिंगला ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरांवरचे सोललेले पट्टे अजून दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये या खोऱ्यात दरडी आणि अचानक येणारे पूर हा खरा धोका आहे, तेव्हा पावसाळ्याच्या ऐन मध्यावर ही वाट धरू नका.

कांगदिंगला पोचलो तेव्हा अंधार पडत होता. दोन डोंगरांच्या बेचक्यात चिंचोळं गाव, आणि मधून पायऱ्या उतरल्यासारखी आदळत जाणारी नदी. रात्रभर खिडकीतून तिचा आवाज येत होता. उंची साधारण अडीच हजार मीटर. इथं हमालांची वाट संपायची. बांबूच्या करंड्या सोडून चहा याकच्या कच्च्या कातड्यात शिवायचा आणि पुढे याकच्या पाठीवर लादायचा. सौदे व्यापाऱ्यांच्या मोठ्या वाड्यांत व्हायचे, आणि तिथला कारभार बहुतेक करून बायका सांभाळायच्या.

कांगदिंगला आणखी एक दिवस राहिलोच, आणि हे प्रत्येकाला आग्रहानं सांगेन. पुढची खिंड थेट ४,२९८ मीटरवर आहे. शरीराला एक दिवस द्या, भरपूर पाणी प्या, दारू टाळा, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. ऑक्सिजनचे छोटे डबे कांगदिंगमध्ये प्रत्येक दुकानात मिळतात.

झेदुओ खिंड आणि शिंदूछ्याओ

वळणांमागून वळणं. मी बोटांनी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. वर जाताजाता आधी पाऊस, मग साबुदाण्याएवढ्या गारा. हेल्मेटवर नुसता ताशा वाजत होता. मित्रानं गाडी एका ट्रकच्या मागे धरली आणि ट्रकवाल्यानंही हे ओळखून वेग कमी केला. खिंडीत स्तूप, वाऱ्यात फडफडणाऱ्या प्रार्थनापताका, आणि चार पावलं टाकली की छातीत धपधप. दहा मिनिटांत खाली निघालो.

पलीकडे देशच बदलतो. रुंद कुरणं, दगडी तिबेटी घरं, रंगवलेल्या खिडक्या, काळे ठिपके म्हणजे याक. शिंदूछ्याओला एका तिबेटी कुटुंबाच्या घरगुती मुक्कामी उतरलो. इथं वेळ गेला तो माझ्या पासपोर्टपायी. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि घरमालकिणीनं आयुष्यात परदेशी पाहुणा ठेवला नव्हता. दुसरीकडे जा, असं ती म्हणू शकली असती. तिनं पोलीस ठाण्यात फोन लावला, तिथल्या शिपायानं व्हिडिओ कॉलवर एकेक रकाना समजावला, आणि तासाभरानं नोंद झाल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या. छोट्या गावात शिरताना संध्याकाळचे पाच वाजायच्या आत शिरा, कारण असा तासभर कुठंही लागू शकतो.

चुलीजवळ बसवून तिनं लोणी-चहा दिला. याआनमध्ये पाहिलेलीच विटेसारखी चहाची वडी, तुकडा मोडून पातेल्यात किती वेळ उकळत होती कोण जाणे. त्यात याकचं लोणी आणि मीठ. पूर्वी लाकडी नळकांड्यात घुसळत, आता मिक्सरमध्ये फिरवतात. चहा समजून प्यायलात तर घशाखाली उतरत नाही, कढण समजून प्यायलात की दुसरी वाटी मागाल. गारठलेल्या अंगात ऊब पसरत गेली. त्यातच भाजलेल्या जवाचं पीठ, त्साम्पा, बोटांनी मळून खायचं. माझा गोळा काही वळेना, तर घरातल्या आजींनी माझी वाटी घेतली, तीन बोटांत सुरेख मुटका वळला आणि परत दिला. पठारावरच्या लोकांनी या पानांसाठी आपले घोडे का दिले, हे तिथं त्या चुलीपाशी मला पहिल्यांदा पोटातून कळलं.

याज्यांग ते लीतांग

सकाळी निघताना पेट्रोल भरलं. या भागात अनेक पंपांवर मोटारसायकल थेट नळीपाशी घेऊ देत नाहीत. गाडी लांब लावायची, ओळखपत्राची नोंद करायची आणि पेट्रोल किटलीत घेऊन टाकीत ओतायचं. वेळ लागतो, म्हणून टाकी अर्धी झाली की भरून घ्या.

यालोंग नदीवरचं याज्यांग मात्सुताके अळंब्यांसाठी प्रसिद्ध आहे. हंगाम संपत आला होता तरी रस्त्याकडेला पानांवर अळंब्या मांडून बायका बसल्या होत्या. पहाटे चारला उठून ओकच्या जंगलात जायचं, जमिनीतून डोकं वर येण्याआधी ती शोधायची आणि भोवतालची माती पुन्हा नीट लावायची, म्हणजे पुढच्या वर्षी तिथंच येते. चांगल्या अळंब्या जपानपर्यंत जातात. आम्ही कोंबडीच्या सुपात टाकून खाल्ल्या. पाइनच्या झाडाचा आणि दालचिनीचा मिळून एक वास येतो. शाकाहारी मंडळींनी इथं काळजी घ्या. भाज्या बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, त्यामुळे मांस नको एवढं सांगून भागत नाही. चरबी नको, मांसाचं पाणीही नको, असं मोबाइलवर चिनीत लिहून दाखवा.

याज्यांगनंतर चढ आणि चढ. काझिला खिंडीच्या पाटीवर ४,७१८ मीटर. इथल्या सपाट माळावर एक तिबेटी कुटुंब लोटांगण घालत चाललेलं दिसलं. हातांत लाकडी पट्ट्या, अंगावर चामडी अंगरखा, कपाळावर मातीचा टिळा. तीन पावलं, मग सगळं अंग रस्त्यावर. एक जण सामानाची हातगाडी पुढे नेऊन ठेवायचा आणि मागे येऊन पुन्हा लोटांगणाला लागायचा. चालले होते ल्हासाला, तिथून अजून दीड हजार किलोमीटर. आम्ही गाडी बंद करून उभे राहिलो. आमच्याकडची सफरचंदं दिली. म्हातारबाबांनी त्यातलं एक तिथंच कापलं आणि अर्धं आम्हाला परत दिलं.

या रस्त्यावर सायकलवाले विद्यार्थीही खूप, आणि हातगाडी ओढत पायी निघालेली माणसंही. एकाच्या गाडीवर वाटेत भेटलेलं कुत्रं ऐटीत बसलं होतं.

लीतांग ४,०१४ मीटरवर आहे. तिथं माझं डोकं चांगलंच दुखलं. पहिली रात्र अर्धवट झोपेत गेली, पलंगावर विजेची गरम चादर होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ठीक वाटलं, पण पायऱ्या चढताना म्हातारा झाल्यासारखं वाटत होतं. पाणी इथं कमी तापमानाला उकळतं, म्हणून हॉटेलांत नूडल्ससुद्धा कुकरमध्ये शिजवतात.

तरी लीतांगला राहाच. १५८० मध्ये तिसऱ्या दलाई लामांनी स्थापन केलेला मठ गावाच्या वर आहे, आणि सातवे दलाई लामा १७०८ मध्ये याच गावात जन्मले. ते घर जुन्या गल्लीत अजून आहे. पण मला लीतांग आठवतं ते पहाटेच्या पांढऱ्या स्तूपामुळे. अंधारात शेकडो माणसं प्रदक्षिणा घालत होती. माळा, प्रार्थनाचक्रांचा किरकिराट, जुनिपरचा धूर. भाकरीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेत जाणारी पोरं, काठी टेकणारे आजोबा, सगळे एकाच दिशेनं. आम्हीही फिरलो. दुसऱ्या फेरीत एका आजींनी माझ्या कोटाची उघडी चेन न बोलता वर ओढली आणि पुढे गेल्या.

हायझी डोंगर, दाओचंग, यादिंग

लीतांगला ३१८ सोडून दक्षिणेला वळलो. हायझी डोंगर म्हणजे हिमनद्यांनी खरवडून ठेवलेलं पठार. नजर जाईल तिथवर गोल धोंडे आणि मधे हजाराहून जास्त लहानमोठी तळी. झाड नाही, घर नाही. अशा जागी ४,४११ मीटरवर दाओचंगचा विमानतळ आहे, जगातला सर्वांत उंच नागरी विमानतळ. जवळच तेवढ्याच उंचीवर वैश्विक किरणांची वेधशाळा आहे. विमानानं थेट इथं उतरून फिरायला निघणारे पुष्कळ असतात. आम्ही रस्त्यानं हळूहळू चढत आलो होतो, तरी वारा अंगावर आला की दम लागत होता. विमानानं थेट येण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

सांगदुईजवळ दलदलीतलं गवत लालभडक झालं होतं. हे दृश्य वर्षातून दोन-तीन आठवडेच असतं.

यादिंगबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगतो. तीन हिमशिखरं, सर्वांत उंच ६,०३२ मीटर, तिबेटी बौद्धांसाठी तीन बोधिसत्त्व. खासगी गाडी बाहेर ठेवून उद्यानाच्या बसनं आत जावं लागतं. वरच्या तळ्यांपर्यंत चढायचं असेल तर सकाळची पहिली बस धरा. दुपारी ढग शिखरं गिळतात, आमच्या वेळीही गिळली.

शांग्रि-लाकडून लीज्यांगला

दाओचंग ते शांग्रि-ला हा फार मोठा पल्ला. शियांगचंगची पांढरीशुभ्र मातीची घरं बघत दुपारी युन्नानात शिरलो. शांग्रि-ला हे नाव गावाला २००१ मध्ये मिळालं. त्याआधी ते जोंगद्यान होतं. जुनं लाकडी गाव २०१४च्या जानेवारीत आगीत बरंचसं जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं. संध्याकाळी चौकात स्थानिक माणसं गोलात नाचतात, कुणीही हात धरून सामील व्हावं.

पुढे व्याघ्रझेप घळीत चिंशा नदी, म्हणजे यांगत्सेचाच वरचा प्रवाह, पाच हजार मीटरच्या दोन पर्वतांमधून अक्षरशः पिळून निघते. इथं उंची उतरल्यानं गाडीचाही आवाज मोकळा झाला.

लीज्यांगला चहाच्या वाटेची दुसरी शाखा भेटते, दक्षिण युन्नानातून येणारी. इथल्या नाशी जमातीच्या एका दुकानदारानं युन्नानचा पुएर चहा पाजत भिंतीवरचा नकाशा दाखवला. १९४२ मध्ये जपानी सैन्यानं ब्रह्मदेशचा रस्ता तोडला, तेव्हा खेचरांचे तांडे लीज्यांगहून ल्हासामार्गे थेट आपल्या कालिंपाँगपर्यंत जायचे आणि कापड, औषधं, सिगारेटी घेऊन परतायचे. त्याच्या घराण्यातला एक जण त्या तांड्यांबरोबर भारतात गेला होता आणि परतला नाही. कालिंपाँग कसं आहे, असं त्यानं विचारलं. मी गेलेलो नाही, पण आता जायचं ठरवलंय. काय दिसलं ते मित्रामार्फत त्याला कळवणार आहे.

गाडी इथून मालवाहू ट्रकनं चेंगदूला पाठवली. ही सोय चीनमध्ये सर्रास मिळते, फक्त ताबा देताना गाडीचे फोटो चारही बाजूंनी काढून ठेवा. आम्ही विमानानं परतलो. ही वाट करायची असेल तर सप्टेंबरच्या मध्यावर निघा आणि १ ऑक्टोबरच्या आत खाली उतरा. राष्ट्रीय दिनाच्या सुटीत झेदुओ खिंडीत गाड्यांच्या रांगा लागतात आणि खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. थंडीचे हातमोजे दोन जोड घ्या, कारण एक जोड भिजणारच. पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा, तपासणी नाक्यांवर तो दाखवावा लागतो. आणि सिच्वानच्या पश्चिमेतली काही ठिकाणं परदेशी लोकांना बंद असतात, कधी कधी ऐनवेळीही बंद होतात, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात चौकशी करूनच मुक्काम पक्के करा.